वाट अडवणारा माणूस आणि वाट न देणारा डोंगर

स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या निर्मनुष्य डोंगरांत मोबाइलचे मनोरे उभारावेत की नाही, यावर गेली काही वर्षे चाललेला वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या मुद्द्यावर लढवला जातो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० साली ब्रिटिश सरकारने चार मोबाइल कंपन्यांच्या साथीने सुमारे एक अब्ज पौंडांची योजना जाहीर केली. देशाच्या ९५ टक्के भूभागावर फोर-जी पोहोचवायचे, असे तिचे उद्दिष्ट होते. मोजमाप लोकसंख्येचे नव्हते, भूभागाचे होते. त्यामुळे जिथे एकही घर नाही अशा खोऱ्यांतही मनोरा, त्याला वीज पुरवणारी यंत्रणा आणि त्या यंत्रणेपर्यंत जाणारी गाडीवाट यांचे प्रस्ताव निघाले. विरोधकांनी ‘माणसाचा हात न लागलेला निसर्ग’ असा धोशा लावला आणि समर्थकांनी त्यांना ‘मूठभर धडधाकट हौशी लोक’ म्हणून मोडीत काढले. पुढे योजनेची व्याप्ती कमी करण्यात आली, तरी वाद मिटलेला नाही, कारण मनोरा हे केवळ ताजे निमित्त आहे. नदीवरचा पूल, दिशादर्शक फलक, पठारावरचा निवारा, जीपचा रस्ता, या प्रत्येकाच्या वेळी हेच भांडण याच दोन घोषणांनी झालेले आहे.

माझी भूमिका अशी आहे की दूरचा डोंगर दूरच राहू द्यावा. तिथे जाण्याचा हक्क प्रत्येकाला, कसलीही परवानगी न मागता आणि कसलेही शुल्क न देता, पूर्णपणे असला पाहिजे. मात्र ते जाणे सोपे करून देण्याचे कर्तव्य त्या हक्कातून निघत नाही. हक्क मागायचा असतो तो वाट अडवणाऱ्या माणसाकडे. डोंगर स्वतःहून जी अडचण समोर ठेवतो तिच्याविरुद्ध दाद मागण्यात अर्थ नाही, आणि या दोन अडचणी एकाच मापाने मोजल्यामुळेच सगळी चर्चा भरकटते.

स्कॉटलंडचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १८४७ साली एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन बाल्फोर आपल्या विद्यार्थ्यांसह ग्लेन टिल्टच्या खोऱ्यातून चालले असताना ड्यूक ऑफ अथॉल यांनी आपल्या नोकरांसह त्यांना अडवले. प्रकरण न्यायालयात गेले आणि वाट सार्वजनिक ठरली. चाळीस वर्षांनी ग्लेन डॉलमध्ये डंकन मॅकफर्सन या जमीनमालकाने तसाच प्रयत्न केला, तेव्हा ज्यांनी त्या वाटेने वर्षानुवर्षे कळप बाजाराला हाकले होते ते मेंढपाळ साक्षीला उभे राहिले आणि १८८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल वाटसरूंच्या बाजूने दिला. किंटेलकडे तर विनन्स नावाच्या अमेरिकन धनिकाने शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या अफाट रानात एका गरीब रहिवाशाचे पाळीव कोकरू चरले म्हणून खटला भरला होता. १८८५ साली तो अखेर हरला. जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली डोंगर सर्वांना खुले करणारे विधेयक पार्लमेंटमध्ये मांडले. ते संमत झाले नाही, आणि जवळजवळ सर्व जमिनीवर व पाण्यावर जबाबदारीने फिरण्याचा हक्क देणारा कायदा होण्यासाठी २००३ साल उजाडावे लागले. या एवढ्या प्रदीर्घ लढ्यात कोणी काय मागितले होते? बाल्फोर यांनी ग्लेन टिल्टमध्ये पायऱ्या मागितल्या होत्या का? मेंढपाळांनी ग्लेन डॉलच्या खिंडीला कठडा मागितला होता का? त्यांना अडवणारी माणसे बाजूला व्हायला हवी होती, एवढेच. पुढचा चढ, वारा आणि बर्फ ते आपले आपण बघून घेणार होते.

आता हा दूरचा डोंगर म्हणजे नेमके काय, ते एका उदाहरणाने पाहू, कारण नकाशावर बोट ठेवल्याशिवाय ही चर्चा हवेतच राहते. वायव्य हायलँड्समध्ये लॉख मरी या सरोवराच्या उत्तरेला फिशरफील्ड आणि लेटर-यू यांचा सलग मुलूख आहे, आणि त्याच्या मधोमध ‘अ व्हायचन’ हे ९६७ मीटर उंचीचे शिखर आहे. तीन हजार फुटांवरच्या २८२ स्कॉटिश शिखरांना मन्रो म्हणतात. त्यांपैकी रस्त्यापासून सर्वांत दूरचे म्हणून याचेच नाव घेतले जाते. पायथ्याशी गाडी लावून संध्याकाळी परत येण्याची सोय इथे नाही. पश्चिमेला पूल्यू गावातून किंवा उत्तरेला डनडॉनेलच्या बाजूने निघावे लागते, आणि बहुतेक लोक वाटेत एक रात्र तंबूत किंवा बॉथीत, म्हणजे कुलूप नसलेल्या साध्या दगडी घरात, काढतात. उत्तरेकडून आले तर शेनाव्हॉलची बॉथी लागते. तिच्यासमोर पसरलेल्या सपाट दलदलीतून स्ट्राथ ना शेलागाची नदी वाहते आणि तिच्यावर पूल नाही. पाणी पीटमुळे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीमुळे, चहाच्या रंगाचे असते, पण तळ दिसतो. तळाचे गोटे वाटोळे आणि बुळबुळीत असतात, आणि पाऊल ठेवताना गोटा हलतो की नाही हे घोट्याला आधी कळते. कोरड्या आठवड्यात पाणी पोटरीच्या खाली राहते. रात्रभर पाऊस पडला की तीच नदी मांडीपर्यंत चढते आणि तिचा आवाज बॉथीच्या भिंतीतूनही ऐकू येतो. ती ओलांडली की चिखलातून चालून दुसरी नदी गाठायची, आणि डोंगर त्यानंतर सुरू होतो. मी या नद्या ओलांडल्या आहेत, आणि पाणी पाहून काठावरून माघारीही फिरले आहे.

तिथे पूल बांधणे अभियांत्रिकीच्या दृष्टीने काहीच अवघड नाही. मग का बांधू नये? कारण त्या काठावर चालणाऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो. आपले अंग किती थकले आहे, ढग कुठून येत आहेत, परतताना पाणी चढलेले असेल का, सोबतच्या सर्वांत कच्च्या माणसाला हे झेपेल का, याचा विचार नदी त्याला करायला लावते. पूल झाला की हा निर्णय संपतो. पुढचा डोंगर मात्र तेवढाच लांब, तेवढाच उघडा आणि तेवढाच निसरडा राहतो. जो माणूस या नदीपाशी परत फिरला असता तो आता आणखी काही मैल आत, आणखी उंचावर, वादळात सापडतो. सोय झाली म्हणजे धोका गेला, असे आपण गृहीत धरतो. या ठिकाणी धोक्याची फक्त जागा बदलते.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर एडिंबरोच्या एका शाळेचा गट हिमवादळात सापडला. पठारावर त्या काळी छोटे निवारे होते आणि गटाचा बेत त्यांपैकी एकावर पोहोचण्याचाच होता. अनुभवी मुलांची तुकडी तिथे पोहोचली. दुसरी तुकडी पोहोचू शकली नाही, तिने बर्फात उघड्यावर रात्री काढल्या, आणि पाच विद्यार्थी व एक तरुण प्रशिक्षणार्थी मदतनीस असे सहा जण दगावले. ब्रिटनच्या डोंगरांतली याहून हृदयद्रावक दुर्घटना मला माहीत नाही. त्यानंतर निवाऱ्यांवर जो वाद झाला तो आजच्या वादापेक्षा कितीतरी गंभीरपणे झाला. निवाऱ्यांच्या बाजूने बोलणारे मूर्ख नव्हते. अशा आसऱ्यामुळे माणसे वाचलेली आहेत हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण दुसऱ्या बाजूने असा प्रश्न आला, की हिवाळ्यात बर्फाखाली गाडला जाणारा एवढासा निवारा शोधण्याच्या भरवशावर माणसे पठारावर जाणार असतील, तर तो निवारा त्यांना वाचवतो आहे की ओढून नेतो आहे? अखेर १९७० च्या दशकाच्या मध्याला पठारावरचे हे उंच निवारे पाडण्यात आले. खाली खोऱ्यांतल्या बॉथी मात्र राहिल्या. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि मनोऱ्यांच्या वादात तो कोणालाच आठवू नये याचे वाईट वाटते.

तरीही सुरक्षिततेचा मुद्दा एवढ्याने निकालात निघत नाही, हे मान्य केले पाहिजे. एखाद्याचा पाय मोडला, साथीदाराला मदतीसाठी तासन्‌तास चालत जावे लागले आणि तेवढ्या वेळात जखमी माणूस गारठून गेला, तर ‘डोंगराची दूरता जपली’ हे त्याच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय शोधायला निघतात ते डोंगर बचाव पथकांचे स्वयंसेवक असतात. ते कसलेही मानधन घेत नाहीत, आपापली कामे टाकून अंधारात निघतात, आणि संपर्काच्या अभावी त्यांच्याही जिवाचा धोका वाढतो. या युक्तिवादापुढे सौंदर्याची भाषा करणे मला अशोभनीय वाटते. पण याला उत्तर आहे, आणि ते मनोऱ्याहून चांगले आहे. उपग्रहाला थेट संकटसंदेश पाठवणारी खिशात मावणारी उपकरणे कित्येक वर्षांपासून मिळतात आणि २०२२ पासून काही साध्या मोबाइल फोनमध्येही ती सोय आलेली आहे. डोंगरी मुलखात मनोऱ्याची लहर कड्याआड, घळीत, अरुंद खोऱ्यात पोहोचत नाही, आणि माणसे पडतात ती बहुधा अशाच जागी. उपग्रहालाही मोकळे आकाश लागते, हे खरे. पण त्याच्यासाठी दलदलीतून गाडीवाट काढावी लागत नाही. बचाव पथकांना अशी उपकरणे पुरवा, चालणाऱ्यांना ती अल्प भाड्याने मिळतील अशी व्यवस्था गावागावांत करा. जीव वाचवणे हाच हेतू असेल, तर त्याला हा सरळ मार्ग आहे.

आता ‘मूठभर धडधाकट हौशी लोक’ या आरोपाकडे वळते. त्यात तथ्य आहे. दोन दिवसांची सुट्टी, चांगले बूट, निरोगी गुडघे आणि डनडॉनेलपर्यंत पोहोचायला गाडी, यांतले काहीही प्रत्येकाकडे असतेच असे नाही. ज्याला चालता येत नाही, त्याने या डोंगराचे काय करायचे? हा प्रश्न झटकून टाकणारे डोंगरप्रेमी मला आवडत नाहीत. मात्र याचे उत्तर देण्यासाठी सर्वांत दूरच्या शिखराला हात घालण्याची गरज नाही. केर्नगॉर्मवर डोंगरी रेल्वे बांधलेली आहे, फोर्ट विल्यमजवळ ऑनाख मोरच्या उतारावर गोंडोला जातो, आणि ब्रिटनमधल्या सर्वांत उंच बेन नेव्हिसवर तर रुंद, मळलेली वाट आहे. सोयीच्या डोंगरांची हायलँड्समध्ये वाण नाही. चाकाच्या खुर्चीतून जाता येईल अशा सरोवरकाठच्या आणि जंगलातल्या वाटा आणखी हव्यात, आणि त्यासाठी पैसा मागायला मी सर्वांत पुढे राहीन. पण अ व्हायचनच्या पायथ्याशी मनोरा उभारल्याने चालू न शकणाऱ्या एकाही माणसाला तिथे पोहोचता येणार नाही. दुर्बलांचे नाव पुढे करून केलेली ही सोय प्रत्यक्षात आधीच पोहोचणाऱ्यांच्याच उपयोगाची ठरते.

शिवाय ‘मूठभर’ म्हणजे कोण, हेही तपासले पाहिजे. १९३० च्या मंदीत क्लाइड नदीच्या काठच्या जहाजबांधणीच्या गोद्या बंद पडल्या तेव्हा ग्लासगो आणि क्लाइडबँकचे बेकार तरुण डोंगरांकडे निघाले. शहराबाहेर क्रेगॅलियन सरोवराकाठी त्यांची एक शेकोटी असे; येणारा त्यात लाकूड घाली, चहाला आधण ठेवी आणि पुढच्या वाटेची माहिती घेऊन निघे. या पिढीतूनच १९३० साली क्रेग डू हा कामगारांचा गिर्यारोहण क्लब उभा राहिला. मिळेल त्या वाहनाने जावे, कड्याखालच्या कपारीत झोपावे, हाताने शिवलेले सामान वापरावे, अशी त्यांची रीत होती. दूरचा डोंगर हे श्रीमंतांचे अंगण असते, तर या मुलांना तिथे काय मिळाले असते? खरे तर खिशात काही नसलेल्या माणसाला तिकीट, शुल्क आणि आरक्षण न मागणारी जी थोडी ठिकाणे उरतात त्यांत रस्ता नसलेल्या डोंगराचा क्रम फार वरचा आहे. जिथे सोय येते तिथे तिचा खर्च वसूल करणाराही येतो. आजच्या गरीब तरुणाची खरी अडचण ही आहे की डनडॉनेलच्या रस्त्याला बस दुर्मीळ आहे. त्या बसबद्दल समानतेच्या नावाने मनोरा मागणारे काहीच का बोलत नाहीत?

यापेक्षा अवघड आक्षेप वेगळा आहे आणि तो मला आतून हलवतो. ही निर्जनता नैसर्गिक नाही. ती घडवलेली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षे जमीनदारांनी गेलिक बोलणाऱ्या कुळांना मेंढ्यांसाठी उठवले. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला, आणि त्या दुष्काळात डनडॉनेलजवळचा आजचा मोटाररस्ता उपाशी माणसांनी अन्नाच्या मोबदल्यात खोदला. तो आजही दैन्याचा रस्ता म्हणूनच ओळखला जातो. पश्चिम किनाऱ्यावरच्या नॉयडार्टची माणसे १८५३ साली घरे पाडून कॅनडाच्या जहाजावर चढवली गेली. मग मेंढ्यांचाही भाव उतरला आणि त्या रानांत हरणांच्या शिकारीचे राखीव मुलूख झाले. ज्या डोंगराला आपण निर्मनुष्य म्हणून डोक्यावर घेतो, तो कोणाच्या तरी हकालपट्टीमुळे निर्मनुष्य झालेला आहे. म्हणूनच ‘माणसाचा हात न लागलेला निसर्ग’ ही भाषा मला खोटी वाटते आणि ती वापरणाऱ्यांनी ती सोडावी असे मी त्यांना कळकळीने सांगते. २०१४ साली शासकीय निसर्गसंस्थेने रानवट भूभागांचा जो नकाशा काढला त्यातले ४२ प्रदेश पाहताना त्या रिकाम्या रंगाखाली कोणाकोणाची शेते आणि चुलखंडे होती, हे विसरता कामा नये.

पण या इतिहासातून मनोऱ्याचे समर्थन निघते का? मला तरी निघताना दिसत नाही. उठवलेल्या माणसांच्या वंशजांवरचा अन्याय जिथे कोणी राहत नाही तिथे फोर-जी पोहोचवून दूर होत नाही. उलट भूभागाची टक्केवारी गाठण्याच्या हिशेबात वस्तीतल्या माणसाला आणि ओसाड उताराला एकच किंमत दिली गेली, हा त्याच जुन्या अन्यायाचा पुढचा अंक आहे. आज जिथे लोक राहतात, मुले शाळेत जातात, होड्या दुरुस्त होतात, तिथे संपर्क आधी आणि चांगला हवा. नॉयडार्टच्या लोकांनी १९९९ साली ती जमीन सामुदायिक मालकीची करून घेतली. त्यांच्या इन्व्हरी गावाला बाहेरून येणारा मोटाररस्ता आजही नाही, बोटीने जावे लागते किंवा डोंगरातून चालत, आणि तरीही तिथे माणसे राहतात, स्वतःच्या जलविद्युतकेंद्राची वीज वापरतात आणि शेजारच्या लाहर व्हेन शिखरावर चढणाऱ्यांना जेवू घालतात. दूरता आणि वस्ती यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. उद्या स्ट्राथ ना शेलागात कोणी कुटुंबे पुन्हा शेती करायला, घर बांधायला आली, तर त्यांच्या पुलासाठी मी माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवीन. तो पूल राहणाऱ्यांसाठी असेल, आणि राहणाऱ्याची गरज ही फिरायला आलेल्याच्या समाधानापेक्षा केव्हाही मोठी आहे.

शेवटचा आक्षेप सुसंगतीचा आहे. तुम्ही पुलाला नाही म्हणता, पण याच मुलखातल्या कार्नमोरहून वर जाणारी सुबक पाऊलवाट वापरता. ती शिकारी मालकांनीच तर करवून घेतलेली. तुम्ही निवाऱ्याला नाही म्हणता आणि १९६५ पासून स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या बॉथीत झोपता. आणि ह्यू मन्रो यांनी १८९१ साली शिखरांची यादी छापली नसती, तर यातली किती माणसे अ व्हायचनकडे फिरकली असती? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी असे म्हणेन की शुद्धतेची अट घातली की कोणतीच मर्यादा टिकत नाही. पर्सी उन्ना हे पेशाने स्थापत्य अभियंता आणि स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबचे अध्यक्ष. ग्लेनकोच्या परिसरातले डोंगर गिर्यारोहकांच्या वर्गणीतून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे सोपवताना त्यांनी १९३७ साली पत्रात अटी लिहिल्या: डोंगर चढायला सोपे किंवा सुरक्षित करू नयेत, फलक लावू नयेत, नव्या वाटा काढू नयेत, निवारे बांधू नयेत, आणि जाण्यास कोणालाही मज्जाव करू नये. त्या अटी पुढे अनेकदा वाकल्या, काही मोडल्याही, आणि हजारो पावलांनी झिजलेली वाट दुरुस्त करणे यासारखी काही वाकणी योग्यच होती. पण मोजपट्टी हाताशी होती म्हणून किती वाकले ते कळले. १९६८ साली स्काय बेटाच्या कूलिन डोंगरांत कोरुइस्क सरोवराकडे जाण्यासाठी, बचावकार्याच्याच नावाने, सैन्याकडून गाडीवाट आणि पूल बांधून घेतले गेले. किनाऱ्यावरचा ‘बॅड स्टेप’ नावाचा अवघड खडकही सुरुंगाने उडवायचा बेत होता. लोक खवळले, खडक वाचला, आणि त्याच्या तिरप्या फटीत हात रोवून आजही माणसे पुढे जातात. गाडीवाटेचा ओरखडा मात्र तेव्हाही उमटला आणि आजही आहे. हाताने दगड लावून केलेली दोन फुटी वाट एका पिढीच्या दुर्लक्षाने गवतात विरघळते. बुलडोझरने पीट कापून काढलेला रस्ता विरघळत नाही. माझ्या लेखी सीमारेषा इथे आहे: जे हाताने होते, पायाने वापरले जाते आणि सोडून दिले तर मिटते, ते चालेल.

आणि ही सीमारेषा लावायची तर ती मनोऱ्यांपुरती लावून चालणार नाही, इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचे आहे. गेल्या काही दशकांत हायलँड्सचे उतार सर्वांत जास्त कापले गेले आहेत ते मोबाइल कंपन्यांकडून नव्हे, तर शिकारीच्या मालमत्तांच्या गाडीवाटांनी. पाहुण्याला पायी चालावे लागू नये म्हणून जीप वरपर्यंत नेणाऱ्या या वाटांना शेतीचे कारण दाखवले की पूर्ण नियोजन परवानगी लागत नाही. २०१४ च्या अखेरीपासून फक्त आगाऊ सूचना द्यावी लागते. मनोऱ्याच्या प्रस्तावावर हरकतींचा पाऊस पाडणारे अनेक जण या वाटांबाबत गप्प राहतात, कारण जमीनमालकाशी संबंध बिघडू नयेत असे त्यांना वाटते. ग्लेन टिल्टच्या ड्यूकशी बाल्फोर यांनी असा संकोच केला नव्हता. शेतीच्या नावाखालची ही पळवाट बंद करून प्रत्येक डोंगरी गाडीवाटेला, ती कोणाच्याही जीपसाठी असो, जाहीर सुनावणी आणि परवानगी सक्तीची करावी, ही मागणी मनोऱ्यांविरुद्धच्या प्रत्येक हरकतपत्रात पहिल्या कलमात आली पाहिजे, आणि तिच्याखाली सही करायला जो डोंगरप्रेमी कचरेल त्याची मनोऱ्यावरची हरकत नियोजन समितीने मनावर घेऊ नये.